स्कॉटलंडच्या हॉटेल-बारमध्ये पहिल्यांदा बसताना: व्हिस्की कशी निवडावी

ॲबर्डीनला नोकरीनिमित्त राहत असल्यामुळे आमच्याकडे पुण्या-मुंबईचे पाहुणे येत असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना एक दिवस तरी स्पे नदीच्या खोऱ्यात जायचं असतं. दिवसा एखादी डिस्टिलरी बघून होते. संध्याकाळी हॉटेलच्या बारमध्ये जाऊन बसलं की हातात मेनूकार्डाऐवजी जाडजूड वही येते, शेकडो नावं दिसतात आणि एरवी ग्रुपमध्ये ऑर्डर देणारा माणूस एकदम गप्प होतो. मग ओळखीची म्हणून ग्लेनफिडिक बारा मागवली जाते. ग्लेनफिडिक चांगलीच आहे, पण ती आपल्याकडेही मिळते. इथवर येऊन जे इथेच ग्लासभर चाखता येतं, ते राहून जातं.

माझं सांगणं थोडक्यात असं: बाटलीचं वय आणि किंमत बाजूला ठेवा, आपल्याला काय आवडतं ते बारमागच्या माणसाला सरळ सांगा, आणि हलक्या व्हिस्कीपासून सुरू करून धुरकट चवीच्या व्हिस्कीकडे जा. बाकीचं सगळं त्यासाठीच्या तयारीचं आहे.

१. बार आधी ठरवा, खोली त्याच हॉटेलात घ्या

हे पहिलं सांगतो, कारण यात गफलत झाली तर थेट पोलिसांशी गाठ पडते. दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा स्कॉटलंडमध्ये इंग्लंडपेक्षा कडक आहे. डिसेंबर २०१४ पासून ती १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आहे. इंग्लंडमध्ये ८० आहे. लंडनच्या मित्राने सांगितलेला 'एकाने काही होत नाही'चा हिशेब इथे धरू नका. रात्री उशिरापर्यंत बसलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढतानाही विचार करा. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने त्या संध्याकाळी थेंबही घेऊ नये. डिस्टिलरीच्या टूरमध्ये चालकाला त्याच्या वाट्याची व्हिस्की छोट्या बाटलीत भरून देतात, ती त्याने खोलीवर जाऊन प्यावी. बारमध्ये अशी सोय नसते.

स्पेसाइडसाठी, म्हणजे या स्पे खोऱ्यासाठी, माझी पहिली पसंती क्रेगेलॅखी हे गाव. गाव एवढंसं आहे, पण १८९३ मध्ये बांधलेल्या क्रेगेलॅखी हॉटेलातल्या क्वेख बारमध्ये हजाराच्या वर व्हिस्की आहेत, आणि तिथून चालत जाता येईल अशा अंतरावर हायलँडर इन आहे. गाडी नसेल तर ॲबर्डीन-इन्व्हरनेस रेल्वेने एल्गिनला उतरा, पुढे बस मिळते. दिवसाउजेडी पोचलात तर नदीवरचा थॉमस टेलफर्डचा १८१४ चा लोखंडी पूल बघून या.

दुसरीकडे जाणार असाल तर आयला बेटावर पोर्ट शार्लट हॉटेल, कॅम्बेलटाऊनला आर्डशील हॉटेल आणि स्काय बेटावर स्लिगॅखन हॉटेल, या तिन्ही बारमध्ये त्या-त्या भागाची व्हिस्की जाणणारी माणसं भेटतात.

जेवणाचं मात्र आधी बघा. गावाकडच्या हॉटेलांची स्वयंपाकघरं रात्री साडेआठ-नऊला बंद होतात. आपल्यासारखं दहा वाजता 'आता जेवायचं बघू' म्हटलंत तर चिप्सच्या पाकिटावर रात्र काढावी लागेल. चकणा म्हणून टेबलावर काही येत नाही. शाकाहारी असाल तर खोली बुक करतानाच कळवा, आणि पोटभर जेवूनच बारमध्ये या.

२. सोबत काय हवं

- मूळ पासपोर्ट. इथे पिण्याचं कायदेशीर वय १८ आहे, पण जो पंचविशीच्या आतला दिसतो त्याला ओळखपत्र विचारायचंच असा नियम आहे. फोनमधला फोटो बहुतेक ठिकाणी चालत नाही. (महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ लागतं, त्यामुळे लहान भावंडांना इथला नियम ऐकून आनंद होतो, पण पासपोर्ट खोलीवर राहिला तर त्यांना सरबतावरच भागवावं लागतं.)
- परदेशात चालणारं बँकेचं कार्ड.
- फोन, बाटलीच्या पुढच्या आणि मागच्या लेबलचा फोटो घ्यायला. दुसऱ्या ग्लासनंतर नावं आठवत नाहीत.
- त्या दिवशी अत्तर किंवा परफ्यूम लावू नका. निम्मी मजा वासात आहे, आणि ती तुमच्याबरोबर शेजाऱ्याचीही जाते.

३. वही उघडण्याआधी एवढं माहीत असू द्या

स्कॉच म्हणवून घ्यायला व्हिस्की स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली आणि बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल असलेली असावी लागते. २००९ च्या नियमांत तिचे पाच प्रकार ठरवून दिले आहेत. नवख्याला त्यातले दोन पुरेत. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या (मोड आणून वाळवलेल्या) बार्लीपासून, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये (ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात) काढलेली. 'सिंगल' म्हणजे एकच पिंप नव्हे. एका बाटलीत त्याच डिस्टिलरीची पुष्कळ पिंपं एकत्र केलेली असतात. ब्लेंडेड म्हणजे वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांची माल्ट आणि ग्रेन (इतर धान्यांपासूनची) व्हिस्की मिसळलेली. आपल्या ओळखीची ब्लॅक लेबल, शिवास, टीचर्स ही सगळी ब्लेंडेडच.

नवखे लोक नेहमी फसतात त्या जागा चार.

वय. लेबलवरचा '१२' हा आकडा बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचा असतो. जास्त वय म्हणजे जास्त चांगली, असं नाही. पिंपात फार काळ राहिली की लाकूडच जिभेवर येतं. शिवाय दरवर्षी पिंपातली साधारण दोन टक्के व्हिस्की हवेत उडून जाते, म्हणून जुनी व्हिस्की महाग होते. तो पैसा चवीइतकाच त्या घटीचा आणि वाट बघण्याचा असतो.

रंग. गडद तांबूस दिसली म्हणजे जास्त मुरलेली, असं समजू नका. साधं कॅरॅमल घालून रंग सारखा करायला कायद्याने परवानगी आहे.

टक्केवारी. ४० ते ४६ टक्के ही नेहमीची. 'कास्क स्ट्रेंग्थ' लिहिलेलं दिसलं तर ती पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली, ५५-६० टक्क्यांची असते. अशी व्हिस्की पहिल्या ग्लासला मागवू नका, जीभ बधिर होते आणि पुढची प्रत्येक व्हिस्की पाणचट लागते.

किंमत. नेहमीच्या दहा-बारा वर्षांच्या माल्टचा एक माप साधारण पाच ते आठ पौंडांना पडतो. त्याच पानावर बंद पडलेल्या डिस्टिलरीची व्हिस्की शंभराच्या घरात असू शकते. फळीवरच्या बाटलीकडे बोट दाखवून 'ती द्या' म्हणण्याआधी भाव विचारा. यात कुणालाही संकोच वाटत नाही.

आणि माप. आपल्याकडे छोटा पेग ३० मिलिलिटर, मोठा ६०. इथे कायद्याने २५ किंवा ३५, आणि कुठलं माप ते बारमध्ये लिहून लावलेलं असतं. ग्लासात तळाशी एवढीशी दिसली तर कमी भरली असं वाटून घेऊ नका. चार प्रकार चाखायचे तर हे छोटं मापच बरं.

४. बारमागच्या माणसाशी बोला, तेही तुमच्या ओळखीच्या बाटलीवरून

'मला चांगली व्हिस्की द्या' असं म्हटलं तर त्याला काहीच कळत नाही. 'बेस्ट कोणती?' या प्रश्नालाही उत्तर नाही. त्याला तीन गोष्टी सांगा: घरी काय पिता, धूर चालतो का, आणि एका मापाला किती खर्च करायचा आहे. एवढ्यावर तो तीन बाटल्या काढून काउंटरवर ठेवतो, बूच काढून वास देतो, आणि तिथून गप्पा सुरू होतात.

घरी काय पिता, याचा खरंच उपयोग होतो, कारण प्रत्येक मोठ्या ब्लेंडच्या पोटात काही ठरावीक डिस्टिलऱ्या असतात.

शिवास रीगल आवडत असेल तर स्ट्रॅथआयला मागा. १७८६ ची ही डिस्टिलरी कीथ गावात आहे आणि शिवासचा गाभा तिचाच. फळांची गोडी, मऊपणा, धूर जवळजवळ नाही. त्याच कुळातली लाँगमॉर्नही सुरेख आहे.

ब्लॅक लेबल आवडत असेल तर तिच्या दोन बाजू वेगवेगळ्या चाखा. कार्डू ही स्पेसाइडची गोड, सौम्य माल्ट. जॉनी वॉकरने ही डिस्टिलरी १८९३ मध्येच विकत घेतली. आणि कल ईला ही आयला बेटावरची धुरकट माल्ट. दोन्ही शेजारी ठेवून एकेक घोट घेतला की ब्लॅक लेबलमधला तो मागून येणारा धूर कुठला, ते लगेच कळतं. पाहुण्यांना मी हे हमखास करायला लावतो. आजवर प्यायलेल्या व्हिस्कीची घडण समजायला याहून सोपा मार्ग नाही.

टीचर्सवाल्यांनी आर्डमोर मागावी. टीचर घराण्याने १८९८ मध्ये ही डिस्टिलरी खास आपल्या ब्लेंडसाठी उभारली. मुख्य भूमीवरच्या हायलँड (उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या) व्हिस्कीत सहसा न सापडणारा कोरडा धूर तिच्यात आहे.

ओल्ड मंक हेच खरं प्रेम असेल तर बाल्व्हेनीची चौदा वर्षांची 'कॅरिबियन कास्क' विचारा; ती शेवटी रमच्या पिंपात ठेवलेली असते. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातल्या व्हिस्कीही तुम्हाला रुचतील.

आपल्याकडच्या नेहमीच्या 'इंडियन व्हिस्की'चं नाव सांगून उपयोग नाही. त्यात बहुतेकदा उसाच्या मळीचं स्पिरिट असतं आणि इथल्या कायद्यात त्याला व्हिस्की म्हणतच नाहीत. अशा वेळी फक्त 'गोडसर, धूर नको' एवढं सांगा. अमृत किंवा गोव्याची पॉल जॉन पीत असाल तर मात्र नाव जरूर घ्या. अमृतची सिंगल माल्ट २००४ मध्ये पहिल्यांदा बाजारात आली ती ग्लासगोमध्ये, आणि व्हिस्कीच्या बारमध्ये या दोन्ही नावांना मान आहे. 'अमृत फ्यूजन आवडते' म्हटलं की समोरच्याला तुमची आवड बरोबर कळते: फळं आणि थोडा धूर.

उच्चारांचं दडपण घेऊ नका. इथे मी नावं तिथे बोलतात तशी लिहिली आहेत. वहीतलं स्पेलिंग बघून गोंधळ झाला तर ओळीवर बोट ठेवा.

५. क्रम: हलकी, गोड, जड, मग धूर

एका संध्याकाळी चार मापं पुष्कळ झाली. २५ मिलिलिटरचं ४० टक्क्यांचं एक माप म्हणजे एक युनिट, आणि इथल्या वैद्यकीय सल्ल्याप्रमाणे आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नये. दोघं असाल तर एकच ग्लास वाटून घ्या, म्हणजे प्रकार वाढतात आणि दारू वाढत नाही. बऱ्याच ठिकाणी 'फ्लाइट' मिळते, म्हणजे लाकडी पाटीवर तीन-चार ग्लास एकदम. पण ती आधी ठरलेली असते. आपल्या आवडीची जमवून देता का, हे विचारून बघा.

मी सुचवतो तो क्रम असा.

पहिली, जीभ जागी करायला: ऑखनटोशन १२ किंवा ग्लेन ग्रँट. ऑखनटोशन लोलँडची, म्हणजे दक्षिणेकडच्या सखल भागातली, तीनदा डिस्टिल केलेली, म्हणून हलकी. ग्लेन ग्रँट क्रेगेलॅखीच्या शेजारच्या रॉथेस गावची, हिरव्या सफरचंदाच्या वासाची.

दुसरी, शेरीच्या पिंपातली: ग्लेनफार्क्लस १५. ही डिस्टिलरी १८६५ पासून एकाच ग्रँट घराण्याच्या हातात आहे. मनुका, सुकं अंजीर, थोडी दालचिनी. आपल्या जिभेला ही चव पटकन आपलीशी वाटते. बारमन मॅकॅलन सुचवेल. ती उत्तम आहे, पण नावाचेही पैसे द्यावे लागतात. माझ्या मते त्याच पैशात ग्लेनफार्क्लस जास्त देते.

तिसरी, जड अंगाची. इथे मी थोडा रेंगाळणार, कारण हा प्रकार आपल्याकडे क्वचित मिळतो. क्रेगेलॅखीत बसला असाल तर गावातल्याच डिस्टिलरीची क्रेगेलॅखी १३ घ्या. बहुतेक डिस्टिलऱ्यांत वाफ थंड करायला नव्या पद्धतीची नळ्यांची यंत्रं असतात. इथे अजून थंड पाण्याच्या मोठ्या टाकीत बुडवलेलं तांब्याचं वेटोळं वापरतात. त्यात वाफेचा तांब्याशी संबंध कमी येतो, त्यामुळे तांब्याने जे गंधकी, मांसल अंश काढून टाकले असते ते व्हिस्कीत राहतात. पहिल्या वासाला नुकती विझवलेली काडेपेटीची काडी जाणवेल. पाच मिनिटं ग्लास तसाच ठेवा, दोन थेंब पाणी घाला, आणि पुन्हा हुंगा: काडी मागे गेलेली असते आणि भाजलेल्या अननसाचा वास पुढे येतो.

याच जागी दुसरा पर्याय कॅम्बेलटाऊनची स्प्रिंगबँक १०. त्या गावात एके काळी तिसाच्या वर डिस्टिलऱ्या होत्या, बरीच वर्षं तीनच चालत राहिल्या. स्प्रिंगबँक अजून आपली सगळी बार्ली स्वतःच जमिनीवर पसरून माल्ट करते आणि बाटल्याही तिथेच भरते. खारट, तेलकट, किंचित धुरकट, सगळं एकात. दुकानात तिची बाटली सहजी मिळत नाही, म्हणून बारच्या वहीत दिसली की मी सोडत नाही.

चौथी आणि शेवटची, धुराची. माल्ट वाळवताना खाली पीट (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींचं वाळवलेलं जळण) जाळतात, त्याचा धूर बार्लीत उतरतो. पहिल्यांदा धूर घेणाऱ्याने थेट लाफ्रॉइगवर उडी मारू नये. तिच्यात आयोडीनचा, दवाखान्याचा वास आहे, आणि त्याने बिचकून पुष्कळ जण या अख्ख्या प्रकारालाच कायमचा रामराम ठोकतात. आधी ऑर्कनी बेटांवरची हायलँड पार्क १२ घ्या, किंवा स्कायची टॅलिस्कर १०. टॅलिस्करमध्ये मिरीचा झटका आणि समुद्राचं मीठ आहे, आणि तिचा धूर लाकडाच्या बंबातल्या आंघोळीच्या पाण्याला यायचा तसा आहे. ज्यांनी आजोळी ते पाणी अंगावर घेतलंय त्यांना ही व्हिस्की समजावून सांगावी लागत नाही. ती आवडली तर पुढच्या संध्याकाळी लॅगाव्हुलिन १६, आर्डबेग १०, आणि मग लाफ्रॉइग.

आयला म्हणजे सगळंच धुरकट, हाही गैरसमज आहे. बुनाहावन १२ आणि ब्रुकलॅडीची 'क्लासिक लॅडी' या त्याच बेटावरच्या, पण पीटशिवायच्या. बेट बघायचंय पण धूर सोसत नाही, त्यांनी या दोन मागाव्यात.

६. ग्लास हातात आल्यावर

बहुधा ट्यूलिपच्या आकाराचा, वर निमुळता होणारा ग्लास येईल. तो नाकाशी नेताना तोंड किंचित उघडं ठेवा, म्हणजे अल्कोहोल नाकात चढत नाही. एकदम खोल श्वास घेऊ नका. पहिला घोट अगदी छोटा, तोही जिभेवर फिरवून; त्याने फक्त तोंड सरावतं. खरी चव दुसऱ्या घोटाला कळते.

पाणी घालणं इथे कमीपणाचं मानत नाहीत, काउंटरवर पाण्याचा छोटा जग असतोच. पण आपल्यासारखा ग्लास भरून नाही, थेंबाथेंबाने. ४६ टक्क्यांच्या वरच्या व्हिस्कीत पाणी घातल्यावर ती कधी कधी धुकट दिसते. ती खराब नाही. थंड करून गाळलेली नाही, म्हणून तिच्यातले तेलकट अंश दिसू लागतात, एवढंच. बर्फाने वास दबतो, तेव्हा पहिले दोन घोट बर्फाशिवाय घ्या, नंतर हवा तर मागा. सोडा घालायचा असेल तर ब्लेंडेड मागवा. कुणी नावं ठेवणार नाही, आणि ब्लेंड त्यासाठीच बांधलेली असते. मात्र पंधरा वर्षांच्या माल्टमध्ये कोक घालू नका.

दोन व्हिस्कींच्या मध्ये साधं पाणी प्या. नाक थकलं असं वाटलं तर आपल्याच शर्टाची बाही हुंगा. इथले अनुभवी लोक हेच करतात आणि ते चालतं.

७. बिल आणि रीतभात

ऑर्डर बहुधा काउंटरवर जाऊन द्यायची आणि तिथेच पैसे द्यायचे. टेबलावर वेटरची वाट बघत बसाल तर बसूनच राहाल. हॉटेलात उतरला असाल तर बिल खोलीच्या नावावर लावता येतं, पण रोज रात्री पावती मागून घ्या. काउंटरवर घेतलेल्या ड्रिंकला टीप द्यावीच लागते असं नाही. बारमनने अर्धा तास खर्चून तुम्हाला समजावलं असेल तर द्या, किंवा 'तुमच्यासाठीही एक' म्हणा. त्याला ते आवडतं. शेजारच्याने ग्लास उंचावून 'स्लांज वा' म्हटलं तर तुम्हीही तेच म्हणा.

८. आवडलेली बाटली घरी न्यायची तर

बारमध्ये चाखून मगच बाटली घ्या, यात पुष्कळ पैसे वाचतात. फोनमधला लेबलचा फोटो दुकानात दाखवा. एल्गिनमध्ये गॉर्डन अँड मॅकफेल यांचं १८९५ पासूनचं दुकान आहे. इतर डिस्टिलऱ्यांची व्हिस्की आपल्या पिंपांत भरून ते २०२३ पर्यंत स्वतः मुरवायला ठेवत, आणि तो साठा अजून विकतात, त्यामुळे तुम्हाला आवडलेल्या डिस्टिलरीचा निराळा अवतारही तिथे मिळू शकतो.

स्कॉटलंडमध्ये दुकानातून दारू सकाळी १० ते रात्री १० एवढ्याच वेळात विकत घेता येते. पहाटेच्या विमानासाठी निघताना वाटेत घेऊ, असं ठरवू नका. पर्यटकांना पूर्वी मिळायचा तो व्हॅटचा परतावा २०२१ पासून बंद आहे, दुकानात त्यावरून हुज्जत घालू नका.

बाटल्या चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, बुचाभोवती चिकटपट्टी लावून ठेवा. ७० टक्क्यांच्या वरची व्हिस्की विमानात चालत नाही, पण तशी बाटली तुमच्या हातात येण्याची शक्यता कमी. भारतात प्रत्येक प्रौढ प्रवाशाला शुल्काशिवाय दोन लिटर आणता येते. इथली बाटली ७० सेंटिलिटरची असते, म्हणजे तीन बाटल्यांचे २.१ लिटर होतात आणि तेवढ्यासाठी कस्टम्सला अडवता येतं. दोनच घ्या. मुंबई-दिल्लीला उतरून पुढे नागपूर, गोवा किंवा संभाजीनगरचं विमान पकडायचं असेल तर ड्युटी-फ्रीत घेतलेली बाटलीही तिथे सामान पुन्हा देताना मोठ्या बॅगेत टाका, हातात ठेवू नका. घरी पोचल्यावर बाटली उभीच ठेवा, वाइनसारखी आडवी नको. एवढ्या कडक दारूत भिजत राहिलेलं बूच खराब होतं आणि उघडताना तुटून आत पडतं.